लिव्हर ते टायर : जुन्या मोटरसायकलच्या ब्रेकची सुधारणा

[दृश्य : स्टँडवर उभी जुनी मोटरसायकल. पुढचं चाक हवेत, हळू फिरतंय.]

जुन्या गाडीचा ब्रेक कमी पडतो असं वाटलं, की बहुतेक जण पहिल्यांदा मोठी डिस्क शोधायला लागतात. शोध तिथून सुरू करू नये. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ब्रेक जसा लागत होता, तसा तो आज लागतच नसतो. लायनर, म्हणजे ब्रेकच्या शूवरचा घासणारा थर, काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, केबल ताणलेली असते, रबरी नळी आतून फुगलेली असते. सुधारणेतला मोठा भाग म्हणजे हे हरवलेलं परत मिळवणं. नवे सुटे भाग त्यानंतर.

आणि त्याच्याही आधी टायर. ब्रेक चाक थांबवतो, गाडीला टायर थांबवतो. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख कोरलेली असते : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली, तरी दहा-बारा वर्षांपूर्वीचं रबर कडक झालेलं असतं. अशा टायरवर जोरदार ब्रेक बसवला, तर चाक फक्त लवकर लॉक होईल.

[दृश्य : पुढचा ड्रम उघडलेला. ब्रेक प्लेट बाहेर काढली जातेय.]

ड्रमपासून सुरुवात करू. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकायची नाही आणि हवेच्या दाबाने उडवायचीही नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडावर मास्क असू द्या.

साध्या ड्रममध्ये दोन शू, म्हणजे लायनर लावलेल्या अर्धगोल पट्ट्या, असतात. त्यातला एक चाकाच्या फिरण्याबरोबर आपोआप ड्रममध्ये ओढला जातो आणि जास्त काम करतो, दुसरा मागे ढकलला जातो आणि कमी करतो. दोन कॅमच्या (कॅम म्हणजे शूला ड्रमकडे ढकलणारा फिरता तुकडा) ड्रममध्ये, म्हणजे ज्याला ट्विन लीडिंग म्हणतात त्यात, दोन्ही शू ओढले जातात. म्हणून तो त्याच आकारात बराच जास्त जोर देतो. गंमत अशी, की चढावर गाडी मागे घसरायला लागली तर हेच दोन्ही शू उलटे पडतात आणि ब्रेक अगदीच ढिला वाटतो. तो बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे.

नवा शू आणून तसाच बसवणं ही ड्रममधली सर्वांत मोठी चूक. शूची गोलाई आणि ड्रमची गोलाई क्वचितच जुळतात. लायनरवर खडूच्या रेघा ओढा, प्लेट बसवा, हलका ब्रेक लावून चाक दोन-तीनदा फिरवा आणि पुन्हा उघडा. खडू फक्त मध्यभागी पुसला गेला असेल, किंवा फक्त एका टोकाला, तर तेवढाच भाग टेकतोय. उपाय लेथवर आहे : शू ब्रेक प्लेटवर बसवून, कॅम थोडा उघडा ठेवून, लायनर ड्रमच्या मोजलेल्या व्यासाच्या किंचित खाली येईल इतका तासून घ्यायचा. त्याआधी ड्रम मोजा. किती व्यासापर्यंत ड्रम चालतो, ते बऱ्याच हबवर कोरलेलं असतं. ड्रम अंडाकृती झाला असेल तर लिव्हर बोटाखाली ठोके देतो. अशा वेळी आधी ड्रम लेथवर घ्यावा लागतो, आणि स्पोकच्या चाकात तो स्पोक ताणलेले असतानाच घ्यावा, कारण स्पोकच्या ताणाने हबचा आकार थोडा बदलतो.

लायनरचं पुढचं टोक, म्हणजे फिरणारा ड्रम ज्या टोकाला आधी भेटतो ते, कानसाने उतरतं करा. नाहीतर ब्रेक किंचाळतो आणि एकदम पकडतो. कॅमच्या दांड्याला ग्रीस हवं, पण अगदी थोडं. जास्त ग्रीस तापून लायनरवर आलं की तो शू गेला असं समजा.

[दृश्य : ब्रेक प्लेटवरचा कॅमचा लिव्हर आणि केबल, जवळून. ब्रेक लावल्यावर होणारा कोन.]

हा कोन नीट पाहा. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि कॅमचा लिव्हर यांच्यात नव्वद अंशांच्या आसपास कोन हवा. तिथे जोर सर्वांत जास्त मिळतो. लायनर झिजत गेला की लिव्हर नव्वदच्या पुढे जातो आणि तेवढ्याच ओढीत कमी काम होतं. मग कोणीतरी लिव्हर दात्यांवरून एक घर मागे सरकवून बसवतो. ब्रेक परत चांगला वाटतो, पण झिजलेला लायनर लपून राहतो. कॅम मर्यादेपलीकडे फिरला तर तो आडवा अडकून चाक जाम करू शकतो. दाता बदलण्याआधी लायनरची जाडी बघायलाच हवी.

दोन कॅमचा ड्रम असेल तर जोडरॉड काढा. दोन्ही कॅमचे लिव्हर हाताने फिरवून दोन्ही शू ड्रमला टेकवा आणि त्याच स्थितीत रॉडची लांबी अशी जुळवा, की पिन ओढाताण न करता भोकात जाईल. हे न केल्यास एकच शू काम करतो आणि दोन कॅमचा काही उपयोग राहत नाही. चाक परत बसवताना आस पूर्ण आवळू नका. आधी ब्रेक घट्ट दाबून धरा, मग आस आवळा. शू ड्रमच्या मधोमध बसतात. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तरी बहुतेक वेळा राहून जातं.

टॉर्क आर्मचा बोल्टही विसरू नका. ब्रेक प्लेटला चाकाबरोबर फिरू न देणारा तो एकमेव दुवा असतो. त्याला पिन किंवा लॉकनट हवाच.

एवढं केल्यावर चांगला ड्रम बऱ्याच जणांना पुरतो. त्याची खरी मर्यादा उष्णतेची. लांब उतारावर तापलेला ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो, लिव्हर जास्त आत येऊ लागतो आणि लायनरची पकडही कमी होते. रोज घाट उतरायचे असतील, तर डिस्कचा विचार रास्त आहे.

[दृश्य : जुन्या डिस्क ब्रेकची चित्रं. मग एका कॅलिपरची उघडी अवस्था.]

१९६९ साली होंडाची सीबी ७५० पुढे हायड्रॉलिक डिस्क घेऊन आली आणि पुढच्या दशकात डिस्क मोठ्या गाड्यांवर सर्वसाधारण झाली. त्या काळच्या डिस्क ब्रेकविषयी आज तक्रारी होतात, पण त्यातल्या पुष्कळशा रचनेच्या नसून गंजाच्या असतात.

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. पाणी खाली उतरतं, कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, साचतं, पिस्टनचा क्रोम सोलतो. सीलच्या खाचेत पांढरी खपली जमते आणि सीलला आतून पिस्टनवर दाबते. चौकोनी कापाचं हे सील फक्त गळती थांबवत नाही. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढतंही. खपलीने ते घट्ट झालं की पिस्टन मागे येत नाही, पॅड घासत राहतो, डिस्क तापते. नवं सील बसवून उपयोग नाही, आधी खाच पूर्ण साफ करावी लागते.

पिस्टन बाहेर काढायला गाडीच्याच हायड्रॉलिक दाबाचा वापर करा. हवेच्या दाबाने तो गोळीसारखा निघतो. तिथे बोट असू नये. बसवताना सीलला ब्रेक फ्लुइड किंवा रबरासाठीचं खास लाल ग्रीस लावा. साध्या पेट्रोलियम ग्रीसने हे रबर फुगतं. सरकत्या कॅलिपरच्या पिना जाम असतील तर एक पॅड दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला दिसेल. त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा.

मास्टर सिलिंडर म्हणजे लिव्हरपाशी फ्लुइडला दाब देणारा भाग. त्याच्या टाकीत तळाला दोन भोकं असतात. त्यातलं एक सुईच्या टोकाएवढं. ते बुजलं, की तापून फुगलेल्या फ्लुइडला परत जायला वाट राहत नाही आणि ब्रेक आपोआप लागत जातो. गाडी काही किलोमीटर चालल्यावर जड होते आणि थंड झाल्यावर पुन्हा मोकळी होते, हे त्याचं नेमकं लक्षण. बारीक एकेरी तारेने ते भोक उघडा; ड्रिल घालू नका. असंच काहीसं जुन्या रबरी नळीनेही होतं : आतला थर सुटतो, लिव्हरच्या जोराने फ्लुइड पुढे जातं, पण परत येत नाही.

त्यामुळे पहिला खरा नवा भाग म्हणजे नळी. आत टेफ्लॉन आणि वर स्टीलची जाळी असलेली. रबराची फुगण्याची सवय जाते आणि लिव्हर टणक होतो. लांबी मोजताना हँडल दोन्ही टोकांना वळवून आणि फोर्क पूर्ण मोकळा लोंबत ठेवून मोजा. नळी जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे आटे १ मिलिमीटरचे की १.२५चे, हे तपासल्याशिवाय बोल्ट घेऊ नका. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे लावा : एका नळीला दोन, एकाच बोल्टवर दोन नळ्या असतील तर तीन. जाळीची नळी जिथे रंगाला किंवा दुसऱ्या नळीला घासते तिथे आवरण चढवा. ती कानशीसारखी कापत जाते.

[दृश्य : कोरा कागद. त्यावर आकृती : लिव्हर, मास्टर सिलिंडर, कॅलिपर, डिस्क, टायर.]

आता थोडं गणित. कितीही भाग विकत घेतले तरी निर्णय इथेच होतो. बोटांनी १०० न्यूटन जोर दिला, म्हणजे साधारण १० किलो वजनाइतका. लिव्हर त्याचे ५०० करतो असं धरू. मास्टर सिलिंडर १४ मिलिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ १५४ चौरस मिलिमीटर. दाब झाला सव्वातीन मेगापास्कल. कॅलिपरमध्ये ३८ मिलिमीटरचा एक पिस्टन, क्षेत्रफळ ११३४. तो पॅडला सुमारे ३७०० न्यूटनने दाबतो. पॅडचं घर्षण ०.४ धरलं आणि दोन्ही बाजू मोजल्या, तर डिस्कवर साधारण २९५० न्यूटन. डिस्कची परिणामकारक त्रिज्या १२० मिलिमीटर, टायरची ३००. रस्त्यावर उरतात सुमारे ११८० न्यूटन.

त्याच गाडीवर १६ मिलिमीटरचा मास्टर सिलिंडर लावा. दिसायला भारी, दोन मिलिमीटरने मोठा. क्षेत्रफळ २०१ होतं, दाब कमी होतो आणि रस्त्यावर फक्त ९०० न्यूटन उरतात. लिव्हर मात्र लाकडासारखा टणक लागतो, आणि टणक म्हणजे चांगला ही समजूत असल्यामुळे माणूस फसतो. उलट १२.७ मिलिमीटरचा लावला तर १४०० न्यूटनच्या वर जातात. किंमत म्हणून लिव्हर जास्त आत येतो. नळी फुगत नसेल आणि हवा नसेल, तर हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचा.

दुसरी डिस्क जोडणाऱ्यांची फसगत बरोबर उलटी होते. कॅलिपर दोन झाले की भरायचं फ्लुइडही दुप्पट लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच १४चा ठेवला तर लिव्हर मुठीला जाऊन टेकू शकतो. तिथे १६च्या आसपासचा शोभतो. समोरासमोर पिस्टन असलेला कॅलिपर घेतला, तर क्षेत्रफळ फक्त एका बाजूच्या पिस्टनांचं मोजा.

मोठी डिस्क सरळ प्रमाणात मदत करते : २६० मिलिमीटरची ३०० केली तर सुमारे १५ टक्के. पॅडचा फरक कधीकधी याहून जास्त असतो आणि त्याला काही कापावं-जोडावं लागत नाही. सिंटर्ड (धातूच्या भुकटीपासून बनवलेले) पॅड ओल्यात चांगले, पण त्यांच्यासाठी न बनलेली जुनी डिस्क ते लवकर खातात. बिडाच्या डिस्कला ऑर्गॅनिक पॅड बरे. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. डायल गेजने डगमग मोजा; बऱ्याच गाड्यांत मर्यादा ०.३ मिलिमीटर असते.

[दृश्य : ॲल्युमिनियमचा कॅलिपर ब्रॅकेट. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग कापलेला तुकडा.]

दुसऱ्या गाडीचा कॅलिपर बसवायचा तर ब्रॅकेट बनवावा लागतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. तीन गोष्टी एकाच वेळी जुळायला हव्यात : पॅडची वरची कड डिस्कच्या बाहेर डोकावू नये, डिस्क कॅलिपरच्या मधोमध यावी, आणि कॅलिपर स्पोकला किंवा रिमला लागू नये. पॅड डिस्कबाहेर गेला तर कडेला न झिजलेली पट्टी राहते आणि पुढे तीच पट्टी पॅडला मागे येऊ देत नाही. साहित्य ६०८२ किंवा ७०७५ जातीचं ॲल्युमिनियम. बोल्ट उच्च प्रतीचे, आणि ब्रॅकेटच्या भोकात बोल्टची गुळगुळीत दांडी बसावी, आटे नव्हेत. बारीक नळ्यांच्या जुन्या फोर्कवर एकाच बाजूला तगडा कॅलिपर लावला तर फोर्क पिळतो आणि गाडी ब्रेकवर एका बाजूला ओढते. अशा वेळी फोर्क ब्रेस, म्हणजे फोर्कच्या दोन्ही बाजू जोडणारी पट्टी, लावा, किंवा जोर कमी ठेवा. असे बदल नोंदणीच्या नियमांत बसतात का, तेही आधी विचारून घ्या.

[दृश्य : पारदर्शक नळीतून वर येणारे बुडबुडे.]

हवा काढताना डॉट ४ फ्लुइड नव्या डब्यातलं घ्या. कोरडं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. सिलिकॉनचं डॉट ५ याच्यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र चालतं, नाव फसवं असलं तरी. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

लिव्हर दाबा, निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा लहान स्क्रू) उघडा, लिव्हर आत जाऊ द्या, निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. बुडबुडे थांबूनही लिव्हर स्पंजसारखा राहिला, तर हवा मास्टर सिलिंडरच्या बॅन्जोपाशी अडकलेली असते. तो बोल्ट फडक्याखाली क्षणभर सैल करून आवळा. कॅलिपर फोर्कच्या दुसऱ्या बाजूला हलवला असेल तर निपल खाली गेला का पाहा. तो सर्वांत वर नसेल तर हवा कधीच निघणार नाही. कॅलिपर उतरवून, पॅडांमध्ये लाकडाची पट्टी धरून, निपल वर करूनच हवा काढा.

नवे पॅड बसल्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये थोडं अंतर चालू द्या. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहू नका. पॅडचा डाग तिथेच उमटतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बॅन्जो पुसून ओल आहे का बघा, ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. चाक उचलून हाताने फिरवा आणि ब्रेक लावून सोडल्यावर पुन्हा फिरवा. दोन्ही वेळा ते सारखंच मोकळं फिरायला हवं.