पीसीबी बदलण्याआधी

मंडळी, ‘पीसीबी (म्हणजे एसीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय’ हे वाक्य आपल्या एसी दुरुस्तीच्या धंद्यात आता ‘गॅस कमी झालाय’ इतकंच तोंडात बसलंय. नवीन बोर्ड टाकला, चार दिवस चालला, परत उडाला. मग दोष कंपनीचा, नाहीतर दुकानदाराचा. माझं म्हणणं वेगळं आहे. इन्व्हर्टर एसीचा बोर्ड आपण होऊन फारसा जात नाही, त्याला बाहेरचं कोणीतरी मारतं. तो मारेकरी न शोधता नवीन बोर्ड बसवणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशानं जुगार खेळणं.

जुना एसी तुम्हाला पाठ आहे. थर्मोस्टॅट, रनिंग कपॅसिटर, ओव्हरलोड. कॉम्प्रेसर चालला तर पूर्ण वेगानं, नाहीतर बंद. इन्व्हर्टरमध्ये २३० व्होल्टच्या सप्लायची ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडांची जोडणी) आधी डीसी करतो. मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट जमतात, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) चालू असेल तर त्याहून जास्त. मग आयपीएममधले, म्हणजे कॉम्प्रेसर चालवणाऱ्या पॉवर मॉड्यूलमधले, सहा आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्या डीसीतून पुन्हा तीन फेज काढतात, पण फ्रिक्वेन्सी हवी तेवढी. खोली गार झाली की कॉम्प्रेसर थांबत नाही, मंदावतो. वीज वाचते ती इथेच.

आयजीबीटीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. १९८०च्या आसपास अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकला हीट पंपाच्या (उलटा चालून खोली गरमही करणाऱ्या एसीच्या) मोटरचा वेग कमी-जास्त करणारा स्वस्त ड्राइव्ह हवा होता. त्या गरजेतून तिथल्या जयंत बालिगांनी हे उपकरण घडवलं. मद्रासमध्ये जन्मलेला, १९६९ साली आयआयटी मद्रासमधून बाहेर पडलेला हा माणूस. २०२४ मध्ये फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार त्यांना मिळाला. म्हणजे विजेच्या गाड्यांत आज जो आयजीबीटी बसतो, त्याच्या जन्माला आपलाच धंदा कारण आहे. असो.

आता मारेकरी. पहिला, व्होल्टेज. बिल्डिंगचा न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर २३०च्या जागी ४००च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. बोर्डाच्या तोंडाशी फ्यूज आणि त्याच्यामागे गोल, चपटा व्हॅरिस्टर असतो. व्होल्टेज चढलं की व्हॅरिस्टर करंट स्वतःतून वाहू देतो, फ्यूज उडतो, बाकीचा बोर्ड वाचतो. आणि आपल्यातले काही महाभाग काय करतात? काळा पडलेला व्हॅरिस्टर कापून टाकतात, फ्यूजच्या जागी तार बांधतात आणि ‘चालू करून दिला’ म्हणून पैसे घेतात. पुढचा झटका थेट आयपीएमवर!

दुसरा, उष्णता. आउटडोर युनिट डक्टमध्ये नाहीतर ग्रिल लावून कोंबलेलं, हीट सिंकवर धुळीचा थर, त्यात फॅन मोटर अडखळणारी. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अंदाजे निम्मं होतं. पाली आणि मुंग्यांबद्दल मी सांगायला नको, पावसाळ्यात तुम्हीच त्या बोर्डावरून खरवडून काढता. समुद्राकाठी खारी हवा आहेच.

तिसरा मारेकरी सगळ्यात महागात पडतो: खुद्द कॉम्प्रेसर. मोटरचं वाइंडिंग बॉडीला शॉर्ट झालंय किंवा पंप जॅम आहे, आणि तुम्ही नवा बोर्ड जोडलात, तर तो पहिल्याच स्टार्टला जातो. म्हणून क्रम सांगतो. एसी बंद केल्यावरही कपॅसिटरवर जीवघेणं व्होल्टेज राहतं. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी काढायची मर्दुमकी नको; बल्ब किंवा रेझिस्टर लावून चार्ज उतरवा आणि मीटरवर शून्य आल्याची खात्री करा. कॉम्प्रेसरच्या वायरी सोडा. मीटर डायोड तपासायच्या सेटिंगवर ठेवून आयपीएमच्या पी आणि एन (डीसीचं प्लस आणि मायनस) या टोकांपासून यू, व्ही, डब्ल्यू या कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या तीन टोकांपर्यंत सहाही जागा तपासा. एका दिशेला अर्ध्या व्होल्टच्या आसपास रीडिंग आणि उलट दिशेला ओपन, हे सगळीकडे सारखं हवं. कुठे शून्य दिसलं तर तो आयजीबीटी शॉर्ट आहे. मग कॉम्प्रेसरकडे वळा: तिन्ही टर्मिनलांमधला रेझिस्टन्स एकमेकांशी जुळला पाहिजे, आणि बॉडीशी मेगरनं (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरनं) बघायचं, साध्या मीटरवर विसंबायचं नाही.

तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं थोडक्यात. तापलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. मुठीत धरा, मीटरचा आकडा घसरला पाहिजे. जाग्यावर अडकलेला आकडा म्हणजे सेन्सर खराब, आणि त्यापायी अख्खा बोर्ड बदलल्याचे नमुने मी पाहिलेत.

हे सगळं ठीक निघालं की नवीन किंवा दुरुस्त बोर्ड सरळ सप्लायवर टाकू नका. कॉम्प्रेसर न जोडता, फेजमध्ये शंभर वॅटचा पिवळा (तारेचा, एलईडी नव्हे) बल्ब सिरीजमध्ये घ्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर कपॅसिटर भरले असं समजा. तो भगभगत राहिला तर शॉर्ट अजून बोर्डातच आहे. मंद झाला तर डीसी व्होल्टेज मोजा, सप्लाय काढा, कपॅसिटर पुन्हा उतरवा आणि मगच कॉम्प्रेसरच्या तीन वायरी ज्या क्रमानं होत्या त्याच क्रमानं लावा. क्रम चुकला तर कॉम्प्रेसर उलटा फिरू पाहतो. फोटो काढून ठेवत जा, आजकाल मोबाइल सगळ्यांच्याच खिशात आहे.