बी फायनलची गोष्ट

नमस्कार मंडळी. वाचनालयाने बोलावलं तेव्हा मला सांगितलं होतं की मेडलबद्दल बोल, शाळेची मुलं येणार आहेत, त्यांना बरं वाटेल. मी म्हटलं येते, पण मला बाराव्या नंबराबद्दल बोलायचंय. सहा वर्षांपूर्वी रोइंगच्या, म्हणजे होडी वल्हवण्याच्या, एका नॅशनल स्पर्धेत मी बारावी आले आणि त्याबद्दल आजवर कुणाशी धड बोललेले नाही.

आधी ही होडी कसली ते सांगते. आपल्याकडे गोव्यात होडी म्हटलं की शिवोलीच्या सांजावातल्या नाहीतर कुंभारजुव्याच्या सांगोडातल्या सजवलेल्या होड्या डोळ्यासमोर येतात. माझी होडी म्हणजे सिंगल स्कल, साधारण 8 मीटर लांब, पण रुंदीला इतकी अरुंद की नुसतं बसलं तरी हलते, आणि वजन फक्त 14 किलो, नियमाने त्याहून हलकी चालत नाही. दोन हातांत दोन वल्ही. सीटला चाकं असतात, ती पुढे-मागे सरकते, म्हणून बघणाऱ्याला हातांचा खेळ वाटतो पण खरा जोर मांड्यांचा असतो. रेस 2000 मीटरची, सहा होड्यांची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपली पाठ फिनिशकडे असते. कुठे जायचंय ते दिसत नाही, कुठून आलो तेवढंच दिसतं. त्यामुळे जी पहिली असते तिला पाचही होड्या समोर दिसतात, आणि जी शेवटची असते तिला कोणीच दिसत नाही, नुसतं रिकामं पाणी आणि आपल्याच वल्ह्यांनी पाडलेले भोवरे. ते रिकामं पाणी मी बघितलंय.

तर स्पर्धा भोपाळला होती, मोठ्या तलावावर. बाबा दुकान चार दिवस बंद ठेवून माझ्याबरोबर आलेले, त्याआधी त्यांनी माझी एकही मोठी रेस बघितली नव्हती. सेमीफायनलमध्ये सहा होड्या, पहिल्या तिघी ए फायनलला, म्हणजे मेडलच्या रेसला, उरलेल्या तिघी बी फायनलला. मी चौथी आले. अर्ध्या होडीने, म्हणजे आमच्या स्पीडला धरून चला एक सेकंद. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मला समोर दोन होड्या दिसत होत्या आणि शेजारच्या लेनमधल्या मुलीचे भोवरे माझ्या बाजूने मागे जात होते, प्रत्येक स्ट्रोकला थोडे आणखी जवळ, म्हणजे मी तिला गाठत होते, मला कळत होतं की गाठतेय, आणि तेवढ्यात हॉर्न वाजला. श्वास पुरत नव्हता, पाय लाकडासारखे झालेले, मी वल्ह्यांवर डोकं टेकून किती वेळ बसले ते आठवत नाही.

हे दुःख खरं होतं आणि त्याबद्दल मला आजही लाज वाटत नाही. मुलांनो, हरल्यावर रडू आलं तर रडा. लगेच कोणी येऊन म्हणतं जाऊ दे गं, पुढच्या वेळी, पण त्या वेळी ते ऐकवत नाही. आई-बाबांनाही सांगते, त्या अर्ध्या तासात काही समजावू नका, पाणी द्या, सुका टॉवेल द्या, पुरे.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे. बी फायनल. तिथे सातव्यापासून बाराव्यापर्यंतचे नंबर ठरतात. मी रात्रभर मनात ठरवून टाकलं होतं की मेडल गेलंच आहे तर सातवी काय आणि बारावी काय. स्टार्टला पहिले दहा स्ट्रोक मारले आणि मग मी सोडून दिलं. थकले नव्हते हं, सोडून दिलं. वल्ही पाण्यात जात होती, बाहेर येत होती, पण पाय ढकलतच नव्हते. पाचही होड्या एकेक करून माझ्या पाठीमागे, म्हणजे पुढे, निघून गेल्या आणि समोर ते रिकामं पाणी आलं. काठावर बाबा उभे होते, पांढरा शर्ट, त्यांना मी ओळखलं.

होडी वर काढली तेव्हा बाबा आले आणि नंबर वगैरे काही विचारलं नाही, म्हणाले, "हात दुखत होता काय गो तुझा?" त्यांनी मला आमच्या नदीवर पहाटे वल्हवताना बघितलेलं, मी अशी वल्हवत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणजे दुखणंच असणार असं त्यांना वाटलं. मी म्हटलं हो. उजवा. मग परतीच्या गाडीत त्यांनी कुणाकडून तरी खोबरेल तेल मागून आणलं आणि भुसावळ गेलं तरी माझा दंड चोळत बसले होते.

घरी आल्यावर आजीने उकड्या तांदळाची पेज आणि तोराचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं, लोणचं पुढे ठेवलं, "जेवलें गो बाय?" एवढंच. मी दहा दिवस पाण्यावर गेले नाही.

अकराव्या दिवशी वही काढली. आम्ही प्रत्येक 500 मीटरचा टाइम लिहून ठेवतो. सेमीचे आकडे असे होते: 1:56, 2:05, 2:13, 2:10. बघितल्यावर कळतंच, पहिल्या पाचशेला मी उधळपट्टी केली आणि तिसऱ्या पाचशेला त्याची किंमत मोजली. पण मला 1:56 झेपेल असं वाटलं कशामुळे? त्याचं उत्तर आमच्या शापोरा नदीत होतं. आपल्या नद्यांना भरती-सुकती असते. मी पहाटे सुकतीबरोबर खाली यायचे आणि तेच टाइम वहीत लिहायचे, पाणी मला ढकलत होतं आणि मी ते माझ्या पायांच्या नावावर मांडत होते. तलावाचं पाणी कुणाला ढकलत नाही. आता मी ज्या मुलांना शिकवते त्यांचे टाइम दोन्ही दिशांचे घेते आणि दोन्ही लिहायला लावते, रेट, म्हणजे मिनिटाला किती स्ट्रोक, तोही. सेमीतली हार अशी समजून घेता आली, दुरुस्तही करता आली. बी फायनलचे आकडे मात्र मी कितीही बघितले तरी त्यात शिकण्यासारखं काहीच सापडलं नाही, कारण त्या रेसमध्ये मी नव्हतेच.

दत्तू भोकनळ तुम्हाला माहीत असेल, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, आर्मीत गेल्यावर रोइंग शिकला. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो सिंगल स्कलच्या क्वार्टरफायनलला चौथा आला, तिथे मेडलचा रस्ता संपला. पण मग तेराव्यापासून अठराव्यापर्यंतचे नंबर ठरवणाऱ्या सी फायनलला तो पहिला आला, 6 मिनिटं 54.96 सेकंद, त्याच्या क्वार्टरफायनलच्या टाइमपेक्षा जवळजवळ 5 सेकंदांनी कमी. एकूण 13 वा. मेडल नसलेली रेस, आणि माणूस पाच सेकंद कमी घेतो! मग 2018 च्या एशियन गेम्सला 23 ऑगस्टला सिंगल स्कलच्या फायनलमध्ये तो सहावा, म्हणजे शेवटचा. 24 तारखेला सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंगबरोबर चौघांच्या होडीत, गोल्ड. चौघांच्या होडीत एकाने पाय ढकलायचे सोडले तर बाकीच्या तिघांना ते लगेच सीटखाली जाणवतं, होडी जड होते. मी हे वाचलं तेव्हा मला माझी बी फायनल आठवली आणि जेवण गेलं नाही.

पॅरिसला 2024 मध्ये बलराज पंवार 23 वा आला, आपल्याकडे लोक म्हणाले तेविसावा म्हणजे काय. त्या तेविसाव्यासाठी तो हीट म्हणजे पहिली फेरी, रेपेशाज म्हणजे हीटमध्ये मागे राहिलेल्यांना मिळणारी दुसरी संधी, क्वार्टर, सेमी आणि डी फायनल अशा पाच रेस खेळला. तुम्ही एकदा अर्गवर, म्हणजे आमच्या रोइंगच्या मशीनवर, 2000 मीटर पूर्ण जोराने मारून बघा आणि मग दुसऱ्या दिवशी परत बसा.

माझ्याकडे आता नऊ मुलं येतात. गेल्या महिन्यात त्यातली एक हीटमध्ये शेवटची आली, दुसऱ्या दिवशी तिची छोटी फायनल होती. मी तिला काही भाषण दिलं नाही, हीच गोष्ट सांगितली, तेलापर्यंतची. तिने विचारलं, "ताई, मग बाबांना सांगितलंस?"

नाही सांगितलं. आज ते तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी बसलेत. बाबा, त्या दिवशी हात दुखत नव्हता.