दूध उतू जातंय आणि सुई अर्धीच झालीये, मग काय करायचं?

राम राम मंडळी. मी अमळनेरहून बोलतेय. आज नवीन डिझाइन नाही. स्वेटरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय: "ताई, घरचं सगळं सांभाळून विणायला वेळ कधी मिळतो?" म्हटलं, आज यावरच बोलू.

सलग वेळ मला मिळत नाही. मिळतात ते तुकडे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, मुलीचा क्लास सुटेपर्यंत, माहेरी धुळ्याला जाताना एसटीत. एका ताईंनी लिहिलंय की पहाटे चारला उठा, तेव्हा शांतता असते. ताई, तुम्हाला जमतं, चांगलंच आहे. पण ज्या बाईला रात्री भांडी आवरताना अकरा वाजतात, तिला हे सांगू नका. झोप मोडून केलेल्या कामाचा आनंद मला तरी कधी झाला नाही. आणि आपण हे आनंदासाठी करतोय ना?

तेव्हा वेळ शोधण्यापेक्षा काम खाली ठेवायला शिका. ठेवायचं कसं आणि परत उचलायचं कसं, हे कुणी शिकवतच नाही.

आधी साहित्य, झटपट. चार पदरी लोकर, दहा नंबरच्या सुया. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आठ म्हणजे चार. टाके घालणं आणि बंद करणं जुन्या व्हिडिओत आहे.

आता इकडे बघा. (विणकाम कॅमेऱ्यासमोर धरून) सुई, म्हणजे टाक्यांची एक ओळ, अर्धी झालीये. काही टाके या सुईवर, काही त्या. गोळ्याकडून येणारा धागा कुठे पोचतो? ज्या टाक्यातून तो निघतो, तो मी शेवटी विणलेला टाका. ती सुई उजव्या हातात. धाग्याची सुई उजवीकडे, टोकं समोरासमोर, आणि पुढे चला.

यात काय एवढं, असं वाटेल. मी भाच्याचा स्वेटर विणत होते, मागचा भाग. आमच्या जिजींनी, म्हणजे सासूबाईंनी, आतून हाक मारली, "दूध उतू गयं वं!" मी तशीच पळाले. तेवढ्यात धाकट्याने विणकाम पलंगावरून उचलून खुर्चीवर ठेवलं आणि ते उलटं फिरलं. मी आले, हातात घेतलं आणि विणत सुटले. बारा सुयांनंतर दिसलं की मधोमध एक भोक आहे आणि एक कड दुसरीपेक्षा लांब आहे. का? तर मी अर्ध्यातूनच मागे वळले होते. तेवढ्या टाक्यांवर दोन सुया जास्त चढल्या आणि वळले तिथे भोक पडलं. सगळं उसवलं. लोकर इतकी कुरळी झाली होती की लडी करून, धुऊन, वाळवून मगच परत वापरता आली.

म्हणून पुन्हा सांगते, धागा जिथून निघतो ती सुई उजव्या हातात.

आता बॉर्डर घ्या, दोन सुलट दोन उलट. इथे बायका अडकतात. "किती झाले होते, सुलट चालू होतं की उलट?" मोजत बसू नका, टाका वाचा. डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्याच्या खाली बघा. वेणीच्या पेडासारखा दिसला तर सुलट विणा. गळ्याशी आडवा दाणा दिसला, आपल्या दादर ज्वारीच्या दाण्यासारखा, तर उलट. टाकाच सांगतो पुढे काय करायचं ते. हे एकदा डोळ्याला बसलं की मुलांचे पाढे घेत घेत बॉर्डर होते. माझी तशीच होते. पाढा चुकला की मान वर, नाही तर हात चालू.

क्रोशाचं वेगळं. तिथे एकच टाका जिवंत असतो आणि तोच ओढला गेला की खांब, मुके खांब, म्हणजे उंच-बुटके टाके, सगळं सरसर उसवतं. उठताना सुई काढा, तो फास बोटभर लांब ओढा आणि त्यात सेफ्टी पिन अडकवा. लोकरीच्या सुयांच्या टोकांना मी खोडरबराचे तुकडे लावते, म्हणजे टाके निसटत नाहीत आणि पोराला टोचत नाही.

"खान्देशात पंचेचाळीस अंशांत स्वेटर कशाला?" असं एका दादांनी लिहिलंय. दादा, डिसेंबर-जानेवारीत इकडे पारा दहाच्या खाली जातो. रात्री शेतात भरताची पार्टी असते ना, तिथे येऊन बसा, मग बोलू. उन्हाळ्यात मात्र तुमचं खरं. घामट हातात दुकानातली अॅक्रिलिक लोकर सुईवर सरकतच नाही. तेव्हा मी सुती दोऱ्याचा क्रोशा घेते किंवा मणी काढते.

मण्यांचंही ठेवणं-उचलणंच महत्त्वाचं. तोरणाला तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, दोन टोकं असतात आणि एका मण्यातून दोन्ही बाजूंनी जातात. उठताना दोन्ही टोकं ताणून धरून कपड्यांचा चिमटा लावा, नाही तर वीण सैल पडते. आणि माझी एक सवय: पुढचा मणी जो येणार, लाल की मोती, तो डब्याच्या झाकणात काढून ठेवते. परत आल्यावर झाकण बघितलं की कळतं. मणी मात्र झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यातच ठेवा, लहान मुलं तोंडात घालतात. मी जुना मिसळणाचा डबा घेतला होता. दोनदा घासला होता, तरी हळदीच्या वाटीतले पांढरे मोती पिवळे पडले. आता नवा डबा आहे.

"मुलांना वेळ द्या" अशीही एक कमेंट आहे. त्या ताईंना मनापासून सांगते, माझी मुलं माझ्याजवळच असतात. लडी धरायची कुणी, यावर त्यांची भांडणं होतात. दोन्ही हात पुढे, त्यावर लडी, आणि धागा सुटेल तसे हात डुलवायचे. मुलं शाळेत असली की नाना, म्हणजे सासरे, बातम्या ऐकता ऐकता धरतात. गोळा मी दोन बोटं मध्ये ठेवून सैल गुंडाळते. घट्ट गुंडाळला की लोकर ताणली जाते, तसंच विणलं की धुतल्यावर स्वेटर आखडतो. नाना आता न सांगता म्हणतात, "सैल गुंडाळ."

जिजींचं आधी वेगळं होतं, बाजारात तयार मिळतं म्हणायच्या. मागच्या श्रावणात कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीसाठी, मी तोरण केलं. पाहुण्यांत त्या प्रत्येकीला दारापाशी नेऊन दाखवत होत्या. आता दूध त्याच बघतात. मला म्हणतात, तेवढी सुई पुरी कर, मग ऊठ.

पुढच्या वेळी तोरणाचा कोपरा घेऊ, बऱ्याच जणींनी विचारलाय. मणी आणि तंगूस आणून ठेवा. तंगूस जाड घेऊ नका. एका मण्यातून दोन पदर गेले पाहिजेत, दुकानातच एक मणी ओवून बघा, आणि नाही गेला तर तो तंगूस घेऊच नका.