मर्सी सिस्टर्सच्या कारभारणी

मंडळी, कॅथलिक धर्मभगिनी म्हटलं की आपल्यासमोर शाळा येते, इस्पितळ येतं. पण त्या इस्पितळाची जागा कुणी पाहिली, ठेकेदाराचं बिल कुणी चुकवलं, बिशपांच्या नाकदुऱ्या कुणी काढल्या आणि वेळ आली तेव्हा त्यांना नाही कुणी म्हटलं, हे सहसा विचारलं जात नाही. आज मला या कारभारणींविषयी बोलायचं आहे. पसारा मोठा आहे, म्हणून एकच संघ घेऊ: आयर्लंडमधल्या सिस्टर्स ऑफ मर्सी.

सुरुवात होते एका वारशापासून. कॅथरीन मॅकॉली डब्लिनजवळ कूलॉक हाऊसमध्ये कॅलाहन नावाच्या निपुत्रिक जोडप्याचं घर सांभाळत होत्या. 1822 मध्ये विल्यम कॅलाहन वारले आणि इस्टेटीचा मोठा वाटा या बाईंकडे आला. वय चाळिशीचं, लग्न नाही, हातात भरपूर पैसा. त्यांनी बॅगट स्ट्रीटवर, म्हणजे ऐन श्रीमंत वस्तीत, जागा घेऊन एक प्रशस्त घर बांधलं. 24 सप्टेंबर 1827 रोजी ते उघडलं. गरीब मुलींसाठी शाळा आणि काम शोधत शहरात आलेल्या तरुण मोलकरणींसाठी निवारा. तेवढ्याच पैशात गरिबांच्या गल्लीत दोन घरं झाली असती. पण गरिबी बड्या लोकांच्या दारात आणून बसवायची, हा त्यातला डाव होता असं मी मानतो.

मठ काढायचा त्यांचा विचारच नव्हता. पण कुजबुज सुरू झाली. या बायका साध्या काळ्या कपड्यांत राहतात, एकत्र प्रार्थना करतात, नन्ससारख्या वागतात. मग व्रतं का घेत नाहीत? यांच्यावर हुकूम कुणाचा? चर्चच्या व्यवस्थेत हा प्रश्न टाळता येत नाही. शेवटी पन्नाशी उलटलेल्या कॅथरीनबाई दोन सहकारी स्त्रियांसह दुसऱ्या संघाच्या मठात उमेदवारीला बसल्या. निम्म्या वयाच्या मुलींबरोबर सव्वा वर्ष नवशिकी म्हणून राहिल्या. 12 डिसेंबर 1831 रोजी त्यांनी व्रतं घेतली आणि मर्सी संघ जन्माला आला. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांना त्यांनी चौथं जोडलं: गरीब, आजारी आणि अशिक्षितांची सेवा. जुन्या मठांतल्या नन्स भिंतीआड राहत. या रस्त्यावर दिसत, म्हणून डब्लिनकरांनी त्यांचं नाव पाडलं ‘चालत्या नन्स’. पुढच्याच वर्षी शहरात कॉलरा आला आणि टाउनसेंड स्ट्रीटवरच्या तात्पुरत्या इस्पितळात या नन्स पाळीपाळीने उभ्या राहिल्या.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. कॅथरीनबाईंनी सत्ता स्वतःकडे साठवली नाही. नवा मठ निघाला की तो स्वतंत्र. त्याची प्रमुख वेगळी, हिशेब वेगळा, धर्मप्रांताचा बिशप वेगळा. नव्या गावी त्या स्वतः जायच्या, साधारण महिनाभर राहून घडी बसवायच्या, एखाद्या तरुण सिस्टरच्या हाती कारभार द्यायच्या आणि परतायच्या. प्रमुखपदही तहहयात नसे. मुदत संपली की कालची मदर सुपिरिअर पुन्हा वर्गावर किंवा आजाऱ्यांच्या खाटेपाशी. आजच्या चर्च कायद्यातही संघप्रमुखाला मुदतीचं बंधन आहे. आपल्याकडच्या किती संस्थापकांना हे पचेल, याचा विचार मी तुमच्यावर सोडतो.

सगळीकडे यश आलं असंही नाही. डब्लिनजवळ किंग्सटाउनला शाळेच्या बांधकामाच्या बिलावरून कोर्टकज्जा झाला आणि सिस्टर्सना तिथून माघारी आणावं लागलं. कॅथरीनबाईंची पत्रं वाचली की कळतं, या बाईंचा दिवस प्रार्थनेइतकाच पैशांच्या जुळवाजुळवीत जायचा. 1841 मध्ये त्या वारल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी सांगून ठेवलं की आपल्यामागे सिस्टर्सना चांगला चहा मिळेल असं बघा. अवघ्या दहा वर्षांत आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये डझनभराच्या आसपास मठ उभे राहिले होते.

आता त्यांनी घडवलेल्या बायका पाहा. फ्रान्सिस वॉर्ड आयर्लंडमधल्या कार्लो मठाच्या प्रमुख होत्या. 1843 मध्ये त्या सहा सिस्टर्सना घेऊन अमेरिकेत पिट्सबर्गला गेल्या आणि 1847 मध्ये तिथे मर्सी इस्पितळ सुरू झालं, या संघाचं जगातलं पहिलं. वर्षभरात टायफसची साथ आली आणि शुश्रूषा करणाऱ्या काही सिस्टर्सच त्यात गेल्या. पुढे प्रॉव्हिडन्स शहरात कॅथलिकविरोधी जमाव मठावर चालून आला. वॉर्डबाई हलल्या नाहीत.

दुसऱ्या दोघींची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल निघाल्या, तेव्हा लंडनच्या बर्मंडसी मठाच्या प्रमुख मेरी क्लेअर मूर आपल्या सिस्टर्स घेऊन त्यांच्यासोबत गेल्या. दोघींचं जन्मभराचं मैत्र जमलं. तिथल्या परिचारिकांच्या प्रमुखपदाची जबाबदारी पेलायला तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी लायक होतात, असं नाइटिंगेलबाईंनी त्यांना पुढे पत्रातून कळवलं. त्याच युद्धात त्याच संघाच्या किन्सेल मठाच्या प्रमुख फ्रान्सिस ब्रिजमन आयर्लंडमधून सिस्टर्स घेऊन पोचल्या. माझ्या सिस्टर्सची प्रमुख मीच, त्यांच्यावर दुसऱ्या कुणाची हुकमत चालणार नाही, असा त्यांचा पवित्रा. नाइटिंगेलबाईंशी त्यांचं अखेरपर्यंत पटलं नाही आणि 1856 मध्ये त्या आपली माणसं घेऊन निघून गेल्या. चूक कुणाची, यावर इतिहासकार अजून भांडतात. माझं लक्ष वेगळीकडे जातं. संघ एकच, व्रतं तीच, पण या दोघींना एका ओळीत उभं करायचा अधिकार जगात कुणाकडेच नव्हता.

ही स्वायत्तता दुधारी ठरली. आयर्लंडमध्ये सरकारी अनुदानावर चालणाऱ्या औद्योगिक शाळा, म्हणजे अनाथ आणि गरीब मुलांना ठेवण्याच्या संस्था, होत्या. मुलींच्या अशा सर्वाधिक शाळा मर्सी सिस्टर्सकडे होत्या. त्या शाळांतली मारहाण, उपासमार आणि अपमान 2009 च्या रायन अहवालाने, म्हणजे बालछळाच्या सरकारी चौकशी आयोगाच्या अहवालाने, चव्हाट्यावर आणला. त्याआधी 2002 मध्ये अठरा धर्मसंघांनी मिळून भरपाईपोटी 12.8 कोटी युरो द्यायचा करार सरकारशी केला होता. ती रक्कम तुटपुंजी असल्याची टीका रास्तच होती. ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या मुली-बायकांना कोंडून बिनपगारी राबवणाऱ्या मॅग्डलेन धुलाईघरांवरचा मॅकअलीज अहवाल 2013 चा. त्यात या संघाची दोन धुलाईघरं येतात, एक गॉलवेचं, दुसरं डन लेअरीचं. डन लेअरी म्हणजेच जुनं किंग्सटाउन. आजूबाजूचं सरकार, समाज, स्थानिक चर्च सगळे डोळे मिटून होते, हे खरं. पण प्रमुखाला जाब विचारणारं वर कुणी नसलं की चांगली प्रमुख पाच वर्षांत इस्पितळ उभारते आणि वाईट प्रमुख पन्नास वर्षं झाकून नेते.

अमेरिकेत बरेच मठ 1929 मध्ये एकत्र आले. मोठ्या संघाचा आवाजही मोठा असतो. 7 ऑक्टोबर 1979 रोजी वॉशिंग्टनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांचं स्वागत करताना मर्सी सिस्टर थेरेसा केन यांनी, चर्चची सगळी सेवापदं (म्हणजे पुरुषांसाठीच राखलेलं धर्मगुरुपदही) स्त्रियांना खुली व्हावीत, असं त्यांच्यासमोरच, अत्यंत नम्र शब्दांत सांगितलं. चार वर्षांनी संघाच्याच ॲग्नेस मेरी मनसूर मिशिगन राज्याच्या समाजसेवा खात्याच्या प्रमुख झाल्या. त्या खात्यातून गर्भपातासाठी पैसा जात असे. व्हॅटिकनने पद किंवा व्रत असा पेच टाकला आणि त्यांनी संघ सोडला. एवढी मोठी संघटनाही त्यांना वाचवू शकली नाही.

आज या प्रमुखांपुढचं काम वेगळंच आहे. युरोप-अमेरिकेत नव्या मुली येत नाहीत, सिस्टर्सचं वय वाढलंय. उभारलेलं कुणाच्या हवाली करायचं, हे ठरवायचंय. 2008 मध्ये पिट्सबर्गचं ते जुनं इस्पितळ शहरातल्या बड्या वैद्यकीय समूहात गेलं. कॅथलिक ओळख राखायची, या अटीवर. बेघर, मनोरुग्ण आणि व्यसनाधीन लोकांमधलं काम मात्र त्यांनी समूहाला दिलं नाही. ते पिट्सबर्ग मर्सी या वेगळ्या संस्थेकडे ठेवलं. इमारत, यंत्रं आणि उत्पन्न गेलं. फूटपाथवरचा रोगी राहिला. ज्यात पैसा नाही ते हातचं सोडायचं नाही, असा हा हिशेब मला दिसतो. तुमच्यातल्या कुणाचा यावर आक्षेप असेल, तर आता प्रश्नांसाठी वेळ आहे.