टाकाऊतून टिकाऊ: आधी गरज, मग वस्तू

श्रोतेहो, नमस्कार.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकले ते शाळेत. रिकामी बाटली रंगवायची, तिच्यात कागदी फुलं खोचायची आणि प्रदर्शनात मांडायची. मुलांच्या हाताला वळण लागतं, हे चांगलंच. पण पुढच्या आठवड्यात ती बाटली कुठे जाते? जिथे आधी जाणार होती, तिथेच. म्हणून आज मला बोलायचं आहे ते त्यातल्या ‘टिकाऊ’ या अर्ध्या भागाबद्दल.

वस्तू भंगारात गेली की तिचा पुन्हा कच्चा माल होतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी हा मार्ग उत्तम. खनिजापासून धातू काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यातली सुमारे ९५ टक्के वाचते. कागदाचं मात्र तसं नाही. प्रत्येक फेरीत त्याचे तंतू आखूड होतात आणि कागदाचा कस उतरत जातो. रायनर पिल्झ या जर्मन अभियंत्यानं १९९४ मध्ये एका मुलाखतीत हेच दुखणं मांडलं होतं. पाडलेल्या इमारतींच्या चांगल्या विटा फोडून त्यांचा चुरा करतात, याला तो ‘डाउनसायकलिंग’ म्हणाला. हवं आहे ते ‘अपसायकलिंग’, म्हणजे जुन्या वस्तूचं मोल वाढवणं, असं त्याचं म्हणणं होतं.

मोल वाढतं कशानं? माझ्या मते गरजेनं. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात १९९३ साली मार्कुस आणि डॅनिएल फ्रायटाग या भावांना सायकलवरून कामाची चित्रं न्यायला पावसात न भिजणारी पिशवी हवी होती. त्यांनी ट्रकची जुनी ताडपत्री घेतली, कडांना सायकलची ट्यूब लावली आणि खांद्याला गाडीचा सीटबेल्ट. ताडपत्री पाणी अडवते, ट्यूब घासली तरी झिजत नाही, बेल्ट ओझ्यानं ताणत नाही. प्रत्येक तुकडा आधीच्या जन्मात जे काम करत होता, जवळजवळ तेच काम नव्या जन्मात करतो. म्हणून ती पिशवी टिकली.

आता आपल्या कपाटातली जुनी जीन्स घ्या. मी पहिली पिशवी शिवली ती मांडीच्या कापडाची, कारण तिथे तुकडा मोठा मिळतो. काही आठवड्यांत तिचं बूड फाटलं. जीन्स सगळ्यात आधी विरते ती मांडीच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यावर. कापड उजेडासमोर धरा. जिथून उजेड झिरपतो, तो भाग बाजूला काढा. गुडघ्याखालचं, पोटरीवरचं कापड बहुधा घट्ट असतं, पिशवी त्याची करा. कमरेची पट्टी फेकू नका; ती अनेक पदरी असते, खांद्याचा पट्टा तिचाच छान होतो. मशीनला सोळा नंबरची सुई लावा, आणि जाड शिवणीवरून जाताना पायडल सोडून चाक हातानं फिरवा, म्हणजे सुई मोडणार नाही.

लाकडाचंही असंच नीट पाहावं लागतं. मालवाहतुकीच्या पॅलेटपासून, म्हणजे माल ज्यावर रचतात त्या फळ्यांच्या लाकडी चौकटीपासून, फळी, बाक, मांडणी, बरंच काही होतं. परदेशी मालासोबत आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो, तो आधी वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका. एचटीचा शिक्का असला तरी डाग किंवा उग्र वास असेल तर तेही नको. आणि फळ्या पहारीनं उचकटू नका, चिरतात. फटीतून करवतीचं पातं घालून खिळाच कापा. वेळ लागतो, पण फळी अख्खी निघते.

जुना रंग लागलेल्या लाकडाला कोरडा पॉलिश पेपर मारू नका, त्या रंगात शिसं असू शकतं.

आणखी एक कळकळीची विनंती. गोंदानं सगळं चिकटवून टाकू नका. कापड, प्लास्टिक, पत्रा एकमेकांना कायमचे चिकटले की ती वस्तू मोडल्यावर कशाच्याच कामाची राहत नाही, भंगारवालाही नेत नाही. स्क्रू लावा, टाके घाला. जे उसवता येतं, ते दुरुस्त करता येतं.

पहिली फाटल्यावर शिवलेली माझी दुसरी पिशवी पोटरीच्या कापडाची आहे, बूड दुहेरी. मागच्या महिन्यात ते बूडही विरलं. टाके उसवले, दुसऱ्या एका जीन्सचा तुकडा बसवला, अर्ध्या तासात काम झालं. पट्टा अजून पहिलाच आहे.

नमस्कार.