बार उडतो एकदाच: रॉकी पर्वतातल्या शिकाऱ्यांच्या गप्पा

(दृश्य: पहाटेआधीचा काळोख. डोक्याला बांधलेल्या दिव्यांची रांग चढ चढते आहे. फक्त बुटांचा आणि श्वासांचा आवाज.)

अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य. ऑक्टोबर महिना. ही माणसं तंबूतून निघाली तेव्हा चार वाजले होते. उजाडेपर्यंत त्यांना समोरची धार गाठायची आहे. गोळी झाडायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं संपते. त्यानंतर समोर कितीही मोठं जनावर येऊन उभं राहिलं, तरी बंदूक खाली.

त्यांना हवा आहे एल्क. हरणांच्या कुळातलं हे थोराड जनावर. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. एल्कची संख्या कोलोरॅडोत जितकी आहे तितकी अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाही. आणि तरीही हंगाम संपतो तेव्हा साधारणपणे पाचांतले चार शिकारी रिकाम्या हातानं घरी परततात.

मग रात्री तळावर बसून हे चौघे बोलतात तरी काय? पुष्कळ बोलतात. खरं तर पाचव्याला बोलूच देत नाहीत.

(दृश्य: तळ. तंबूबाहेर वाळत घातलेले केशरी जाकिटांचे ढीग.)

निम्म्या गोष्टी वाऱ्याच्या असतात. एल्कची नजर चुकवता येते, पण नाक चुकवता येत नाही. दिवसा उतार तापले की हवा डोंगराच्या अंगानं वर चढते. संध्याकाळी गारठा उतरला की तीच हवा दरीकडे वाहू लागते. म्हणून दिवसा सावजाच्या वरच्या अंगाला राहायचं आणि संध्याकाळी खालच्या. पण या दोन वाऱ्यांच्या मधे एक वेळ असते, जेव्हा हवा कुठंही फिरते. प्रत्येकाच्या खिशात बारीक भुकटीची लहानशी बाटली असते. ती दाबायची आणि भुकटी कुठे जाते ते बघायचं. तीन तास रांगत कळपाजवळ गेलेला माणूस सांगत असतो आणि मधेच म्हणतो, "आणि मला मानेवर गार झुळूक लागली." बस्स. पुढचं कुणी विचारत नाही. सगळे एकदम "अरेरे" करतात, कारण पाठीमागून आलेला वारा पुढे कळपाकडे गेला होता.

सप्टेंबरच्या गोष्टींना वेगळी गंमत असते. तो एल्कच्या माजाचा काळ, आणि धनुष्यबाणवाल्यांच्या हंगामाचाही. नर घोगऱ्या सुरात सुरुवात करतो, आवाज चढत चढत किंचाळीवर जातो, आणि अख्खी दरी दुमदुमते. शिकारी तोंडात लहानसा रबरी पडदा धरून मादीचा आवाज काढतात. त्यावरची सगळ्यात लाडकी गोष्ट अशी: एकानं हाक दिली, समोरच्या झाडीतून उत्तर आलं. दोन्ही बाजू तासभर एकमेकांकडे सरकत राहिल्या, आणि शेवटी समोरून बाहेर आला दुसरा शिकारी. ही गोष्ट सांगणारे इतके आहेत की ती सगळ्यांच्याच बाबतीत घडली असेल यावर माझा विश्वास नाही. पण हसायला सगळेच मनापासून हसतात.

(दृश्य: केशरी टोपी घातलेला माणूस दुर्बिणीतून बघतो आहे.)

रायफलच्या हंगामात अंगावर झगझगीत केशरी किंवा गुलाबी रंग सक्तीचा आहे. कोलोरॅडोत कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच, शिवाय डोक्यावर त्याच रंगाची टोपी. हा रंग माणसाला माणूस दिसावा म्हणून. हरणांच्या डोळ्याला केशरी आणि हिरवा फारसा वेगळा कळत नाही, त्यामुळे शिकारीचं काही बिघडत नाही. नवख्या माणसाचं बिघडतं ते हातांमुळे. नर समोर शंभर पावलांवर उभा आणि बोटं अशी थरथरतात की नेम जमिनीपासून आभाळापर्यंत हिंदकळतो. याला हे लोक "बक फीव्हर" म्हणतात, हरणाचा ताप. चाळीस वर्षांच्या जुन्या शिकाऱ्यालाही तो येतो, फक्त तो लपवायला शिकलेला असतो.

आता बंदुकीच्या बाराचा आवाज. सगळ्या गोष्टीत याला एक वाक्य मिळतं. बरेचदा तेवढंही नाही.

कारण खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

(दृश्य: उतारावर पडलेला एल्क. शिकारी आधी परवान्याचा टॅग बांधतो, मग बाह्या सरसावतो.)

एल्कच्या जाड कातड्याआड उष्णता कोंडून राहते. मांडीच्या हाडापाशी मांस सगळ्यात आधी नासतं. म्हणून कातडं लगेच उतरवायचं, मांड्या आणि फरे सुटे करायचे, पाठीच्या पट्ट्या काढायच्या, सगळं सुती पिशव्यांत घालून सावलीत टांगायचं. एकट्या माणसाला यात सहज तीन-चार तास जातात. मोठ्या नराचं हाडांविना मांस शंभर किलोंच्या आसपास भरतं. आणि गाडी उभी असते पाच-सहा किलोमीटरवर, मधे दोन ओढे आणि वाऱ्यानं पडलेल्या झाडांचा खच. पाठीवर तीस किलो घेतले तरी चार फेऱ्या. विरळ हवेत पहिल्या फेरीला माणूस उत्साहात असतो, दुसऱ्या फेरीला गप्प, आणि तिसऱ्या फेरीला आपण इतक्या आत का आलो याचा हिशेब स्वतःशीच मांडत असतो.

खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. शिंगं शेवटच्या फेरीला, हा रिवाज. अलास्कात तर मांस बाहेर निघण्याआधी शिंगं हलवायला कायद्यानंच मनाई आहे. तळावर माणूस कसा जोखला जातो ते इथं कळतं. किती मोठा नर पाडला यापेक्षा, दुसऱ्यानं पाडलेला नर वाहायला कोण गेला, हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. माझ्या मते या सगळ्या छंदातली ही सगळ्यात सुंदर बाजू आहे, आणि छायाचित्रांत ती जवळजवळ कधीच दिसत नाही.

उत्तरेला माँटाना आणि वायोमिंगमध्ये या फेऱ्यांना आणखी एक भागीदार असतो: ग्रिझली अस्वल. दुसऱ्या फेरीला परत येताना मोठ्यानं बोलत यायचं, अस्वलाला पळवणारा फवारा हाताशी ठेवायचा, आणि मांसावर अस्वल बसलेलं दिसलं तर ते आता त्याचं, असं समजून मागे फिरायचं. कोलोरॅडोतून ग्रिझली १९५०च्या दशकातच संपले असं सगळे धरून चालले होते. मग १९७९ मध्ये सॅन हुआन पर्वतात शिकारीला गेलेल्या एका वाटाड्यावर अस्वलाची मादी चालून आली. धनुष्य वापरायला अंतरच नव्हतं. त्यानं हातात धरलेल्या बाणानं तिला भोसकलं आणि तो स्वतः जबर जखमी होऊन वाचला. ती ग्रिझली निघाली, या राज्यातली आजवरची शेवटची ज्ञात ग्रिझली. एरवी अशी गोष्ट कुणी शेकोटीपाशी सांगितली असती, तर लोकांनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला असता.

(दृश्य: वाळक्या गवतावर रक्ताचा एक ठिपका. फांदीला बांधलेली केशरी फीत.)

आणि एक गोष्ट उशिरा सांगितली जाते. बहुतेकजण झोपायला गेल्यावर.

गोळी लागली, पण जनावर सापडलं नाही.

माग काढणारा आधी रक्त वाचतो. फिकट, फेसाळ असेल तर फुप्फुस. तसं जनावर फार लांब जात नाही. काळपट लाल असेल तर यकृत. हिरवट, त्यात चघळलेल्या गवताचे कण असतील तर आतडं, आणि मग मात्र थांबावं लागतं. अर्धा तास नव्हे, कित्येक तास. कारण जखमी एल्क जवळच झाडीत बसलेला असतो. घाईनं मागे गेलात तर तो उठतो आणि अशा दरीत उतरतो जिथून माग लागत नाही. इकडे शिकारी घड्याळाकडे बघत बसलेला, आभाळ भरून येतंय, बर्फ पडला तर सगळे ठिपके झाकले जाणार. जिथं जिथं रक्त दिसतं तिथं तो फांदीला फीत बांधतो. मागे वळून बघितलं की फितींची रेघ दिसते, आणि त्या रेघेवरून जनावर कुठे निघालं असेल याचा अंदाज बांधायचा. मग गुडघ्यांवर येऊन एकेक पान उलटायचं. शेवटची फीत बांधल्यावर पुढे काहीच नसतं.

काहीजण त्यानंतर आपला परवाना वापरला गेला असं मानतात आणि टॅग कोरा असतानाही हंगाम तिथंच संपवतात. तसं न करणारेही असतात. शिकाऱ्याच्या तोंडून मला एकच गोष्ट ऐकायची मुभा मिळाली, तर मी ही मागेन. जो ही सांगत नाही, त्याच्या बाकीच्या गोष्टींतून थोडं वजन वजा करावं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. हाडांचे ढीग.)

तळावर इतिहासही निघतो, थोडा अभिमानानं. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातडी विकण्यासाठी इतकी बेसुमार कत्तल झाली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत एक लाखही एल्क उरले नव्हते. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते) आणि निसर्ग-अभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी बून अँड क्रॉकेट क्लब काढला, तो शिकाऱ्यांचाच. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला. आज एल्क सुमारे दहा लाख आहेत. हे सगळं खरं. फक्त संपवणाऱ्यांच्या हातातही बंदुकाच होत्या, हे वाक्य गप्पांत जरा हळू आवाजात येतं. आणि लांडग्यांचा विषय निघाला की आवाज पुन्हा चढतो. २०२० मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी लांडगे परत आणायचा कौल निसटत्या बहुमतानं दिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनहून आणलेले लांडगे इथं सोडण्यात आले. त्यावर एकमत होईल असा तळ मला तरी दिसत नाही.

शिंगांची गोष्ट मात्र मोजायची फीत लावली की संपते. बून अँड क्रॉकेट क्लबच्या विक्रमी शिंगांच्या नोंदीसाठी शिंगं आधी ६० दिवस सुकवावी लागतात, मगच अधिकृत मोजमाप. त्या ६० दिवसांत शिंगं किंचित आकसतात आणि गोष्टीतली शिंगं वाढतात.

आता आणखी एक वाट बघणं आलंय. हरणांच्या कुळात पसरणारा क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा रोग १९६७ मध्ये याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सला प्रथम लक्षात आला. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोग आढळलेल्या जनावराचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. म्हणून डोकं तपासणीला द्यायचं, आणि चार फेऱ्या मारून आणलेलं मांस निकाल येईपर्यंत तसंच गोठवून ठेवायचं.

(दृश्य: तंबू उतरवले जातायत. गाड्यांच्या टपांवर सामान.)

निघताना एक नवखा पोरगा म्हाताऱ्या शिकाऱ्याला विचारतो, "तो मोठा नर नेमका कुठे दिसला होता?" म्हाताऱ्यानं काल रात्री वारा सांगितला, झाडी सांगितली, जनावराच्या कानावरची चीर सांगितली. आता तो हात सगळ्या डोंगररांगेवरून फिरवतो आणि म्हणतो, "तिकडे, वर."

पुढच्या हंगामाच्या सोडतीसाठी अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत. सोडतीत नंबर लागला नाही की एक गुण मिळतो, आणि काही भागांतला परवाना लागायला असे गुण वीस वर्षांहून अधिक काळ साठवावे लागतात. त्या अर्जात मात्र म्हाताऱ्यालाही आपल्या भागाचा क्रमांक लिहावाच लागतो.