सात चादरींएवढं पॅराशूट

(दृश्य : सोलापूर, पूर्व भाग. अरुंद गल्ली, उन्हात वाळत घातलेल्या चादरी. एका हॉलचं दार उघडतं.)

शेजारच्या गल्लीत यंत्रमाग चालू आहेत, त्यांची खटखट इथपर्यंत येते. बाहेर एप्रिलचं चाळीस अंशांचं ऊन आहे, तरी हॉलमधले पंखे बंद ठेवलेत. पंखा लावला की जमिनीवरचं हे कापड उठतं, आणि आज ते जागेवर राहायला हवं.

हे स्कायडायव्हिंगचं पॅराशूट. वापरातून बाद केलेलं, फक्त सरावासाठी ठेवलेलं. उडी इथे होणार नाही. ती दुसऱ्या गावी, जिथे विमान आणि प्रशिक्षक आहेत तिथे. पण पॅकिंग जमिनीवर शिकता येतं, आणि ते उडीच्या धावपळीत शिकण्यापेक्षा इथे निवांत शिकलेलं कितीतरी बरं.

आकार २६० चौरस फूट. नवशिक्यांना अशीच मोठी छत्री देतात, कारण ती संथ असते आणि चूक सावरायला वेळ देते. साठ बाय नव्वद इंची सोलापुरी चादरी शेजारी शेजारी अंथरल्या, तर एवढ्या जागेत जवळपास सात बसतील. कापड मात्र त्याच्या दुपटीहून जास्त आहे. वर एक थर, खाली एक थर आणि मध्ये उभ्या कापडी भिंती. त्यातून नऊ कप्पे झालेत. पुढची तोंडं उघडी, मागची कड शिवलेली. तोंडातून हवा शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाचा पंख होतो. ही रचना डोमिना जॅल्बर्ट या पतंग बनवणाऱ्या अमेरिकी संशोधकाची, १९६४ सालची.

हे सगळं शाळेच्या दप्तराएवढ्या जागेत बसवायचं आहे.

(दृश्य : शिकणारीचे हात. कापडाची कड कडेला जुळवताहेत.)

सोलापूरच्या हातांना कापड नवं नाही. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, वरून हात फिरवला की घडी झाली. पहिल्या दिवशी नेमकी हीच सवय आडवी येते. चादरीची घडी कशी दिसते ते महत्त्वाचं. पॅराशूटचं मात्र फक्त उघडणं महत्त्वाचं. वरून गबाळं दिसणारं गाठोडं व्यवस्थित उघडू शकतं, आणि इस्त्री केल्यासारख्या पॅकच्या पोटात चूक असू शकते. पॅक करणं म्हणजे उघडण्याचा क्रम आत भरून ठेवणं.

तो क्रम असा. उडी मारणारा साधारण ताशी १९० किलोमीटर वेगाने खाली येत असतो. कंटेनरच्या, म्हणजे पाठीवरच्या पिशवीच्या, तळाशी असलेल्या खिशातून तो पायलट च्यूट, म्हणजे पाऊण मीटरभर व्यासाची लहान छत्री, बाहेर काढून वाऱ्यात सोडतो. तिची पट्टी ताणली जाते. या पट्टीला ब्रायडल म्हणतात. ब्रायडल कंटेनरची पिन ओढते, कंटेनर उघडतो, आतली कापड भरलेली बॅग वर उचलली जाते. लाइन, म्हणजे कापडाला जोडलेल्या दोऱ्या, एकेका रबरातून सुटत जातात. सगळ्या लाइन ताणल्या की बॅगचं तोंड उघडतं आणि शेवटी कापड बाहेर येतं. यातली एक पायरी आधी झाली किंवा अडली, तर अपघाताची सुरुवात तिथेच होते.

आता काम.

जागा सहा-सात मीटर लांब हवी, सावलीतली. खाली सतरंजी किंवा चटई हवी. उघड्या सिमेंटवर कापड घासतं. उन्हाचं तर नावच नको. सूर्याच्या अतिनील किरणांनी नायलॉन कमजोर होतं आणि ते वरून दिसत नाही. आपल्याकडची धूळही लाइनमध्ये शिरून धागा आतून कातरत राहते.

पहिली तपासणी लाइनची. कंटेनर पालथा ठेवलाय, त्याच्या खांद्यांपासून चार पट्टे निघतात, ते रायझर. पुढचे दोन, मागचे दोन. पुढच्यांवर ए आणि बी लाइन, मागच्यांवर सी, डी आणि ब्रेकच्या लाइन. मागावर ताण्याचे उभे धागे बीमवरून फणीकडे जातात तशा या लाइन रायझरपासून कापडापर्यंत समांतर जायला हव्यात. ताण्यातला एक धागा दुसऱ्याला ओलांडून गेला तर विणकराच्या नजरेला तो लगेच खुपतो. इथेही नजर तीच लागते. फरक इतकाच की मागावर चादर डागी होते.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे कंटेनर लाइनच्या मधून आरपार गेलेला असणं. उतरल्यावर कापड गोळा करताना हे सहज होतं. वरवर पाहिलं तर प्रत्येक लाइन तिच्या जागी वाटते, पण रायझरला पीळ पडलेला असतो. म्हणून ब्रेकची लाइन बोटात धरून रायझरच्या कडीपासून निघायचं आणि थेट मागच्या कडेपर्यंत जायचं. वाटेत ती कुणालाही वेढा घालत नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहायचं.

मग ब्रेक लावायचे. लाइन अर्धी ओढून तिचा फासा कडीतून आणायचा आणि टॉगलचं, म्हणजे ब्रेक ओढायच्या मुठीचं, टोक त्यात खोचायचं. एक बाजू विसरली, तर छत्री उघडता उघडताच गरगर फिरायला लागते.

(दृश्य : पायलट च्यूट जवळून. त्यातली बारीक दोरी.)

इथे थोडं थांबू. पॅराशूट उघडल्यावर पायलट च्यूटचं काम संपतं. ती फुगलेली राहिली तर छत्रीला मागे खेचेल, म्हणून एक आतली दोरी तिला आपोआप मिटवते. तिला किल लाइन म्हणतात. पुढच्या पॅकिंगआधी ही दोरी पायलट च्यूटकडे पूर्ण ओढून तिला परत ताठ करायचं. हे राहून गेलं, तर ती वाऱ्यात ओल्या फडक्यासारखी फडफडते. पिन ओढण्याएवढा किंवा बॅग उचलण्याएवढा जोर तिच्यात नसतो. खात्रीसाठी ब्रायडलवर पिनेजवळ एक बारीक खिडकी ठेवलेली असते. दोरी बरोबर असली की त्या खिडकीत रंग दिसतो.

आता शिकणारी रायझरपासून कापडाकडे चालत येते. लाइनच्या गटांमध्ये बोटं घातलेली आहेत, लाइन खांद्यावर. कापड तिच्यासमोर उभं लटकतं. कप्प्यांची उघडी तोंडं गुडघ्यांकडे. ती मोजते. नऊ भरली की तोंडं गोळा करून गुडघ्यांत धरते. मग एकेका लाइनगटामधलं कापड बाहेर काढते. निऱ्या घालाव्यात तसंच, फक्त निरी बाहेर आणि लाइन मध्यभागी एकत्र. लाइनच्या मध्ये अडकलेलं कापड उघडताना घासलं तर जळतं. म्हणून ए आणि बीच्या मधला, बी आणि सीच्या मधला, सी आणि डीच्या मधला, असा एकेक पदर आधी डाव्या आणि मग उजव्या बाजूचा मोकळा करायचा.

आणि मग स्लायडर. चार कोपऱ्यांना चार धातूच्या कड्या असलेला चौकोनी कापडाचा तुकडा. सगळ्या लाइन या चार कड्यांतून जातात. कापड फुगू लागलं की पसरणाऱ्या लाइन स्लायडरला खाली ढकलतात, पण हवा त्याला वर रेटत असते, म्हणून तो लाइनवरून हळूहळूच खाली सरकतो. तो सरकेपर्यंत छत्री पूर्ण पसरू शकत नाही. ताशी १९० वरून ताशी वीसच्या आसपास यायला तीन-चार सेकंद मिळतात ते त्याच्यामुळे. पॅक करताना तो कापडाच्या कडेला असलेल्या थांब्यांपर्यंत वर सरकलेला हवा, आणि त्याचे चारही पदर लाइनगटांच्या मधून बाहेर पसरलेले हवेत. स्लायडर वीतभर जरी खाली राहिला, तरी छत्री एका झटक्यात फुगते. त्या झटक्याने कापड फाटू शकतं, मान आणि पाठ दुखावू शकते. पॅकिंगच्या सगळ्या कामात डोळ्यांनी दोनदा पाहावं आणि हातानेही चाचपावं अशी ही जागा आहे.

पुढे मागच्या कडेचा मध्य शोधायचा. तिथे सूचनांची पट्टी शिवलेली असते. ती लाइनपर्यंत वर उचलायची, दोन्ही बाजूंचं कापड पुढून गुंडाळून तिच्याशी गुंडाळी करायची. लाइन ताठ ठेवूनच हे जमिनीवर आडवं करायचं.

इथे नव्या कापडाशी झुंज सुरू होते. त्यावर हवा न सोडणारा लेप असतो, म्हणून आत कोंडलेली हवा जायला वाट मिळत नाही, आणि कापड मासळीसारखं हातातून निसटतं. घाई करून उपयोग नाही. गुंडाळीवर आडवं पडायचं, छातीचा भार द्यायचा आणि हवा शिवलेल्या बाजूकडून उघड्या तोंडांकडे ढकलायची.

शिकणारी विचारते, “सर, एवढं सुरकुतलेलं चालेल का ओ?”

“सुरकुती चालते बाळा, लाइनमध्ये अडकलेलं कापड चालत नाही. स्लायडर कुठंय तेवढं परत बघ.”

ती बघते. स्लायडर जागेवर आहे.

इंग्रजी एस अक्षरासारख्या घड्या घालून कापड बॅगेत जातं. बॅगचं तोंड लाइनच्याच मोडी, म्हणजे दुमडलेले वेटोळे, रबरांत अडकवून बंद करतात. काही बॅगांना अशी दोन रबरं असतात, काहींना चार. ही घट्टच हवीत. ती सैल असली तर लाइन ताणायच्या आधीच कापड बाहेर सांडतं आणि झटका बसतो. बाकीच्या लाइन एका बाजूने दुसऱ्या बाजूला, पाच ते सात सेंटीमीटरच्या मोडींनी. मोड जास्त लांब ठेवली तर ती शेजारच्या मोडीत अडकते, आणि बॅग उघडतच नाही. रायझरजवळ साधारण ४५ ते ६० सेंटीमीटर लाइन मोकळी सोडतात. नेमका आकडा त्या त्या कंटेनरच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच पाळायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबरं लवकर वाळतात. तडा दिसला की बदलायची.

कंटेनरचे पदर पुस्तिकेतल्या क्रमाने बंद होतात. त्यातून क्लोजिंग लूप, म्हणजे कंटेनर बंद ठेवणारा दोरीचा फासा, ओढदोरीने वर आणायचा, त्यात पिन, आणि मग ती ओढदोरी पिनेच्या खालून हळू सरकवून काढायची. जोरात हिसका दिला तर घर्षणाने लूप भाजतो. लूपचे तंतू सुटायला लागले असतील तर लगेच नवा, कारण हा तुटला तर पॅराशूट विमानातच उघडू शकतं. ओढदोरी आत विसरणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. म्हणून ती दोरी कामानंतर खिशात गेली का, हे तपासायचं.

याच कंटेनरच्या वरच्या भागात दुसरं पॅराशूट आहे, राखीव. त्याच्या पिनेवर लाल धागा आणि शिशाचं सील आहे. त्याला कोणी हात लावत नाही. ते पॅक करायला रिगर, म्हणजे या कामाचा परवाना असलेला तंत्रज्ञच, लागतो. अमेरिकेच्या नियमांत त्याची मुदत १८० दिवस आहे. वापरलं नसलं तरी त्या मुदतीत ते उघडून, तपासून पुन्हा पॅक करावंच लागतं.

सरावलेला माणूस मुख्य पॅराशूट दहा मिनिटांत पॅक करतो. हिला पहिल्यांदा दीड तास लागला.

(दृश्य : हॉल. पायलट च्यूट हातात धरून शिक्षक मागे मागे चालतात.)

पॅक कसं झालंय हे जमिनीवरही पाहता येतं. ब्रायडल ताठ होते, पिन सुटते, बॅग सतरंजीवरून घसरत निघते. टप, टप, टप. रबरं एकामागून एक सुटतात. शेवटी बॅगचं तोंड मोकळं होतं आणि कापड घसरत बाहेर येतं. स्लायडर वरच आहे.

आता सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला पाऊण तासात कंटेनर बंद होतो. ओढदोरी खिशात जाते. ती पिनेवरचं झाकण उचलून ब्रायडलची खिडकी बघते. आत रंग नाही, नुसती पांढरी पट्टी.

ती पिन काढते, बॅग बाहेर घेते आणि पहिला रबर सोडवायला बसते.